लो-दबार: एका गावाच्या नावाचा तपास

बायबलमधल्या एखाद्या गावाच्या नावाचा अर्थ हवा असला की बहुतेकांचा हात आधी शब्दकोशाकडे जातो. आम्ही कोश सगळ्यात शेवटी उघडतो. जुन्या करारातल्या स्थळनामांवर मराठीत टिपा लिहिताना हा क्रम आम्ही ठरवूनच ठेवला आहे: आधी ते नाव कुठे कुठे आलंय ते पाहायचं, मग प्रत्येक ठिकाणची अक्षरं, मग आजूबाजूची माणसं आणि घटना, मग नकाशा. एवढं झालं की अर्थ. हा क्रम का, ते लो-दबारच्या कामात जितकं लख्ख दिसलं तितकं दुसऱ्या कुठल्या नावात दिसलं नाही.

हे गाव बहुतेक वाचकांना एकाच गोष्टीमुळे ठाऊक असतं. आधीचा राजा शौल याच्या घराण्यातलं कोणी उरलं आहे का, असं राजा दावीद विचारतो. सीबा नावाचा चाकर सांगतो की शौलाचा मुलगा योनाथान याचा एक मुलगा आहे, दोन्ही पायांनी अधू, लो-दबारला अम्मीएलाचा मुलगा माखीर याच्या घरी राहतो. तो मफीबोशेथ. दावीद त्याला बोलावून घेतो, आजोबांची जमीन परत देतो आणि आपल्या पंगतीला कायमचं पान वाढतो. यावर असंख्य प्रवचनं झाली आहेत आणि त्यातल्या बऱ्याच प्रवचनांत लो-दबारचा अर्थ ठासून सांगितला जातो: ‘लो’ म्हणजे नाही, ‘दबार’ म्हणजे शब्द किंवा कुरण, तेव्हा लो-दबार म्हणजे जिथे देवाचा शब्द पोचत नाही, गवताची काडी उगवत नाही, अशी उजाड, विसरलेली जागा. ऐकायला फार छान वाटतं. पण तपासायला घेतलं की एकेक दुवा निसटत जातो.

पहिली पायरी नोंदी गोळा करण्याची. इथेच पहिला खड्डा आहे. बरेच जण स्ट्राँगच्या 1890 सालच्या शब्दसूचीवर विसंबतात, जिच्यात प्रत्येक मूळ शब्दाला क्रमांक दिलेला आहे. आजची बहुतेक बायबल ॲप्स तेच क्रमांक वापरतात. लो-दबारचा क्रमांक 3810. तो टाकून शोधलं की तीनच ओव्या हाती येतात: 2 शमुवेल 9:4, 9:5 आणि 17:27. माणूस समजतो, संपलं. प्रत्यक्षात आणखी दोन जागा विचारात घ्याव्या लागतात आणि त्या दुसऱ्याच क्रमांकांखाली दडलेल्या आहेत. यहोशवा 13:26 ची नोंद ‘दबीर’ या नावाखाली, म्हणजे 1688 खाली आहे. आमोस 6:13 तर गाव म्हणून नोंदलेलंच नाही; ‘नाही’ 3808 आणि ‘गोष्ट’ 1697 असे दोन सुटे शब्द करून टाकले आहेत. स्ट्राँगची सूची एका विशिष्ट इंग्रजी भाषांतरावर बेतलेली आहे. त्या भाषांतरकारांनी जिथे गाव ओळखलं नाही, तिथे सूचीलाही गाव दिसत नाही. म्हणून क्रमांक हा सुरुवातीचा खुंटा समजायचा, कुंपण नव्हे.

सरळ हिब्रू मजकुरात शोधायचं तर स्वरचिन्हं काढून टाकून शोधावं. स्वरचिन्हांसकट नक्कल करून शोधपट्टीत टाकलं की हटकून काही सापडत नाही, कारण एकाच अक्षराखालच्या दोन-तीन चिन्हांचा क्रम प्रत्येक संकेतस्थळावर वेगळा असू शकतो. डोळ्यांना सारखं दिसतं, संगणकाला नाही. उलट नुसती व्यंजनं टाकली तर ‘लो’ आणि ‘दबार’ हे दोन्ही अतिशय नेहमीचे शब्द असल्याने ढीगभर नको त्या ओव्या येतात. त्यात उपाय एकच: निकाल यार्देन नदीपलीकडच्या, म्हणजे गिलादच्या संदर्भापुरते गाळून घ्यायचे.

आता अक्षरं. हिब्रू उजवीकडून डावीकडे लिहितात, आणि मूळ लिखाणात फक्त व्यंजनं असतात. स्वरांचे ठिपके आणि रेघा मसोरा, म्हणजे हिब्रू मजकूर काटेकोर जपणाऱ्या परंपरेच्या पंडितांनी इसवी सनाच्या पहिल्या सहस्रकाच्या उत्तरार्धात बसवल्या. लो-दबारचा दुसरा भाग पाचही ठिकाणी एकच आहे: दालेत, बेत, रेश. गडबड पहिल्या भागात आहे. 2 शमुवेल 9 मध्ये दोन्ही वेळा लामेद आणि वाव. त्याच पुस्तकाच्या 17 व्या अध्यायात लामेद आणि अलेफ. आमोसमध्येही लामेद-अलेफ. यहोशवामध्ये लामेद एकटीच, पुढच्या शब्दाला चिकटलेली.

देवनागरीत हा सगळा फरक नाहीसा होतो. अलेफ असो की वाव, आपण ‘लो’च लिहिणार. म्हणून मराठी बायबल हाताशी घेऊन हे काम होत नाही. निदान या पाच ओव्यांपुरता तरी हिब्रू मजकूर समोर लागतोच. अक्षरओळख नसेल तर ती आठवडाभरात होण्यासारखी आहे, बावीसच व्यंजनं आहेत. मराठीतून हिब्रू शिकण्याची वाट जुनी आहे: जॉन विल्सन यांनी कोकणातल्या बेने इस्रायल समाजासाठी मराठीतून हिब्रू व्याकरण काढलं ते 1832 मध्ये.

फरक बारीक वाटेल, पण अर्थ पार उलटा होतो. लामेद-अलेफ म्हणजे ‘नाही’. लामेद-वाव म्हणजे ‘त्याला’, ‘त्याचं’. दोन्हींचा उच्चार एकच. त्यामुळे ऐकून लिहिणाऱ्या लेखनिकाच्या हातून एकाच्या जागी दुसरं येणं अगदी सोपं. मसोरा परंपरेने अशा डझनावर जागा समासात टिपून ठेवल्या आहेत, जिथे लिहिलंय अलेफने पण वाचायचं वावने. सगळ्यात प्रसिद्ध जागा स्तोत्र 100:3. लिहिल्याप्रमाणे वाचलं तर ‘त्याने आपल्याला घडवलं, आपण स्वतः नव्हे’. समासातल्या सूचनेप्रमाणे वाचलं तर ‘त्याने आपल्याला घडवलं, आपण त्याचे आहोत’. यशया 9:3 मध्येही तीच गत आहे: आनंद वाढवला की नाही वाढवला, हे एका अक्षरावर लटकलेलं. (हिब्रू प्रतीत ही ओवी 9:2 म्हणून सापडेल, त्या अध्यायात क्रमांक एकाने मागे सरकतात. जुळवताना याचा घोळ नेहमी होतो.)

मग 2 शमुवेल 9 मधलं नाव अक्षरशः लावायचं तर ‘नाही’ कुठे आहे? ज्या अध्यायावर ती प्रवचनं उभी आहेत, नेमक्या त्याच अध्यायात ‘त्याला-गोष्ट’ किंवा ‘त्याचा-शब्द’ असं लिहिलंय. ‘शब्द नसलेली जागा’ सांगणाऱ्याला ‘शब्द त्याचा आहे’ असंही तितक्याच हक्काने सांगता येईल. आमच्या मते दोन्ही सांगू नये. एकाच पुस्तकात एकाच गावाचं नाव दोन तऱ्हेने लिहिलं जातं, त्याचा साधा निष्कर्ष असा की पहिल्या भागाचा अर्थ लेखनिकांच्या लेखी ठरलेला नव्हता. त्यांना ध्वनी माहीत होता. तो कुठल्या अक्षराने दाखवायचा, हे ज्याचं त्याने ठरवलं.

17:27 मध्ये आणखी एक गंमत आहे. तिथे ‘लो-दबारहून’ असं म्हणायचंय. ‘हून’साठी हिब्रूत मेम हे अक्षर पुढे चिकटतं, त्यामुळे शब्द होतो मेम-लामेद-अलेफ. स्वरचिन्हं झाकली तर हीच तीन अक्षरं ‘माले’, म्हणजे ‘भरलेला’, अशीही वाचता येतात. नवशिका तिथे हमखास अडखळतो. चिकटलेली अव्यये आधी सोडवून घेतल्याशिवाय नावाला हात घालायचा नाही, हा नियम आम्ही या ओवीवरूनच शिकवतो.

यहोशवाकडे वळू. 13 व्या अध्यायात गाद वंशाला मिळालेल्या मुलखाच्या सीमा आहेत, आणि 26 व्या ओवीत ‘महनाइमपासून लिदबिरच्या सीमेपर्यंत’ असा टप्पा येतो. इथे लामेद हे ‘ला’ या अर्थाचं अव्यय मानलं तर गाव दबीर. नावाचाच भाग मानलं तर लिदबिर. लॅटिन वुल्गातामध्ये दबीर आहे, स्ट्राँगनेही तेच धरलं. पण दोन अडचणी आहेत. ‘अमुकची सीमा’ म्हणताना हिब्रूत दोन नामं नुसती शेजारी ठेवतात, मध्ये लामेद सहसा लागत नाही. ती इथे उगाच आलेली दिसते. आणि बायबलमधलं ओळखीचं दबीर, ज्याचं आधीचं नाव किर्याथ-सेफर, ते यहूदाच्या डोंगरात, यार्देनेच्या या बाजूला आहे. यहोशवा 15:7 मधलं दुसरं दबीर तेही यहूदाच्याच सीमेवर. पलीकडे गिलादमध्ये दबीर नावाचं गाव एरवी कुठेही येत नाही. उलट महनाइमशी जोडलेलं, त्याच चार व्यंजनांचं एक गाव शमुवेलात आहेच. म्हणून लिदबिर म्हणजेच लो-दबार हे मत बऱ्याच अभ्यासकांना पटतं, आम्हालाही.

हे पटलं की पुढचा विचार आपोआप सुचतो. सगळ्यात उघडंवाघडं लेखन यहोशवाचं आहे: लामेद, दालेत, बेत, रेश, बस. जुन्या हिब्रू लिखाणात शब्दाच्या आतला ‘ओ’ दाखवायला अक्षर वापरण्याची पद्धत नव्हती. ती हळूहळू रुळली. तेव्हा चारच अक्षरांचं नाव आधीचं असावं, आणि पुढे उच्चार टिकवण्यासाठी एका लेखनिकाने वाव घातला, दुसऱ्याने अलेफ. म्हणजे ज्या ‘नाही’वर सगळा अर्थ उभा आहे, तो मुळात नावात नसण्याचीच शक्यता जास्त.

आता कोश उघडायला हरकत नाही. दालेत-बेत-रेश या तीन अक्षरांत किती शब्द मावतात बघा. दाबार म्हणजे शब्द, गोष्ट, प्रकरण; बायबलमध्ये चौदाशेच्या वर वेळा येतो. देबेर म्हणजे महामारी. दोबेर म्हणजे कुरण. दबीर हे तर मंदिराच्या गाभाऱ्याचंही नाव आहे. स्वरचिन्हं नसताना यातलं काहीही वाचता येतं. ‘कुरण नाही’ हा अर्थ ज्या न्यायाने काढतात, त्याच न्यायाने ‘रोगराई नाही’ असाही निघतो. ते गाव एकदम हवा पालटायला जाण्याजोगं होतं. हा अर्थ मात्र कोणी सांगत नाही, कारण तो कथेत बसत नाही.

कुरणाचा अर्थ तर विशेष जपून घ्यावा. दोबेर हा शब्द सबंध बायबलमध्ये दोनदाच आहे: मीखा 2:12 आणि यशया 5:17. त्यातही मीखामधलं रूप व्याकरणात बसत नाही. त्याच्या पुढे निश्चित उपपद (इंग्रजीतल्या ‘the’सारखं) आहे आणि मागे ‘त्याचं’ हा प्रत्ययही. हिब्रूत ही दोन्ही एकत्र येत नाहीत, त्यामुळे तिथे अक्षरं सरकली असावीत असं मानतात. यशयात कोकरं ‘आपल्या कुरणात’ चरतात असं वाचलं जातं. सीरियाक भाषेत याच अक्षरांचा शब्द शेत-माळ या अर्थाने आहे आणि हिब्रूतला मिदबार, म्हणजे गुरं चारायचा माळ किंवा रान, हाही याच कुळातला दिसतो. तेव्हा कुरण हा अर्थ खोटा नाही. पण दोन ओव्यांच्या, त्यातल्या एका लंगड्या ओवीच्या आधारावर सबंध गावाला वैराण ठरवणं फार झालं.

अर्थाला सगळ्यात जड जातो तो 2 शमुवेल 17 चा शेवट. दावीदाचा मुलगा अबशालोम याने बंड केलं, दावीद यार्देन ओलांडून महनाइमला पोचला, माणसं थकलेली, उपाशी. तेव्हा तिघे जण मदत घेऊन येतात: अम्मोन्यांच्या राब्बाहून नाहाशाचा मुलगा शोबी, रोगलीमहून बर्जिल्लय, आणि लो-दबारहून तोच माखीर. 28 आणि 29 या ओव्यांत सामानाची यादी आहे. बिछाने, तसराळी, मातीची भांडी. गहू, जव, पीठ, भाजलेलं धान्य, पावटे, मसूर. मध, दही, मेंढरं आणि गाईच्या दुधाचं चीज. कोणी काय आणलं याची वाटणी मजकुरात नाही, आणि आपण ती करू नये. तरीही एका राजाला आणि त्याच्या सैन्याला पोसणाऱ्या तिघांत ज्याची गणना होते, तो गवत न उगवणाऱ्या गावचा असेल हे पटत नाही. यादीत मेंढरंही आहेत आणि दुधाचे दोन पदार्थही.

माखीर हे नावही त्या मुलखात मुरलेलं आहे. मनश्शेच्या मुलाचं नाव माखीर, आणि गणना 32:40 प्रमाणे मोशेने गिलाद माखीरच्या वंशालाच दिलं. अम्मीएलाचा मुलगा माखीर हा त्या भागातला खानदानी, ऐपतदार माणूस दिसतो. गिलादचा शौलाच्या घराशी जिव्हाळा होताच: याबेश-गिलादला शौलाने वाचवलं होतं, आणि गिलबोवाच्या लढाईनंतर तिथल्याच लोकांनी रातोरात जाऊन शौलाचं आणि त्याच्या मुलांचं शव बेथ-शानच्या भिंतीवरून उतरवून आणलं. शौलाचा मुलगा ईश-बोशेथ याला राजा केलं तेही महनाइमला. योनाथान मेला तेव्हा मफीबोशेथ पाच वर्षांचा होता. दावीद बोलावतो तेव्हा त्याला मीखा नावाचा लहान मुलगा आहे. म्हणजे मधे बरीच वर्षं गेली. पडलेल्या राजघराण्याच्या वारसाला इतकी वर्षं कुठे ठेवाल? जिथे आपली माणसं आहेत, खायला भरपूर आहे आणि नव्या राजाची नजर सहज पोचत नाही, तिथेच. लो-दबार हे आश्रयाचं ठिकाण होतं, उकिरडा नव्हे. या प्रकरणात आम्हाला ठामपणे सांगायचंय ते एवढंच, आणि ते नावाच्या अर्थातून नाही, गावच्या माणसांतून निघतं.

मग ‘काहीच नाही’ हा अर्थ कुणाच्या डोक्यातून आला? बायबलमध्येच त्याचा मालक सापडतो: संदेष्टा आमोस. इसवी सनापूर्वी 760 च्या सुमारास, दुसऱ्या यराबामाच्या काळात, उत्तरेचं इस्रायल राज्य जोरात होतं. अरामी सत्तेकडून यार्देनेपलीकडची गावं परत जिंकली होती आणि त्या विजयांची फुशारकी चालली होती. आमोस 6:13 मध्ये म्हणतो, तुम्ही लो-दबारवर आनंद करता आणि म्हणता, आम्ही आमच्याच बळावर कर्नाईम घेतलं ना! कर्नाईम म्हणजे ‘दोन शिंगं’, आणि शिंग हे बळाचं प्रतीक. कर्नाईम हे खरं शहर. दक्षिण सीरियातल्या हौरान भागातलं शेख साद ते हेच, असं बहुतेक मानतात. म्हणजे एकाच ओवीत दोन जिंकलेली गावं आणि दोन्ही नावांवर कोटी: हर्ष कशाचा, तर ‘काहीच नाही’चा, जिंकलं काय, तर ‘शिंगं’. इथे ‘लो’ अलेफने लिहिणं आवश्यकच होतं, नाहीतर टोमणा बसला नसता. ‘दबार’चा पहिला स्वरही इथे बदलला आहे: शमुवेलात तो निसटता आहे, आमोसात दीर्घ, म्हणजे नेहमीच्या ‘दाबार’ या शब्दासारखा. स्वर बसवणाऱ्यांनी शमुवेलात गाव वाचलं आणि आमोसात ‘गोष्ट’ वाचली, हे यावरून कळतं.

आमोसाला ही खोड होतीच. 5:5 मध्ये गिलगालवर तो ‘गालो यिग्ले’ अशी अक्षरं खेळवतो, 8:2 मध्ये उन्हाळी फळांची टोपली म्हणजे ‘कायित्स’ दाखवून ‘केत्स’, म्हणजे अंत, असं म्हणतो. मीखा संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात तर एकापाठोपाठ एक गावांची नावं अशीच पिळली आहेत. संदेष्ट्याची कोटी म्हणजे त्या गावाची व्युत्पत्ती नव्हे, हे एकदा लक्षात घेतलं की निम्मे घोळ मिटतात.

भाषांतरकारांची इथे खरी कसोटी लागते. सेप्टुआजिंट या जुन्या ग्रीक भाषांतराने शमुवेलात नाव म्हणून ‘लादाबार’ आणि ‘लोदाबार’ ठेवलं, पण आमोसात मात्र नावाचं भाषांतर केलं आणि गाव गायब झालं. वुल्गातानेही तिथे ‘शून्यावर आनंद करणारे’ अशाच अर्थाचं लॅटिन घातलं. आजची अनेक इंग्रजी भाषांतरं दोन्ही गावांची नावं परत आणतात, पण मग कोटी मरते आणि तळटीप द्यावी लागते. दोन्ही एका वाक्यात पकडणं अशक्यच. आमच्या मते नाव मजकुरात आणि कोटी तळाशी हेच बरं, कारण कोटी टिपेत समजावता येते. गाव गेलं तर वाचकाला नकाशावर काहीच शोधता येत नाही.

नाव मुद्दाम बिघडवण्याचा पुरावा याच कथेत, त्याच माणसाच्या नावात आहे, याकडे फार कमी लोक लक्ष देतात. मफीबोशेथ हे नाव इतिहासाच्या पहिल्या पुस्तकात (8:34, 9:40) मरीब-बाल असं आहे. ईश-बोशेथाचंही तसंच; तिथे तो एशबाल. ‘बोशेथ’ म्हणजे लाज. ‘बाल’ हे दैवताचं नाव उच्चारायला नको म्हणून शमुवेलाच्या लेखनिकांनी तिथे ‘लाज’ घातली. संदेष्टा होशेय बेथेलला, म्हणजे देवाच्या घराला, बेथ-आवेन, म्हणजे दुष्टाईचं घर म्हणतो. अशा परंपरेत लिदबिरसारख्या नावातून ‘लो-दबार’, म्हणजे ‘नगण्य’, काढणं अवघड नव्हतं. होशेयाने आपल्या मुलांची नावं लो-रुहामा आणि लो-अम्मी ठेवली, तीही याच काळातली. ‘लो’ने सुरू होणारं नाव हे संदेष्ट्यांचं हत्यार दिसतं, खऱ्या वस्तीचं नाव लोक स्वतःहून ‘काहीनाही’ ठेवतील का, हा प्रश्न उरतोच. शमुवेल 17 मधला अलेफ आमोसाच्या प्रभावाने आला की स्वतंत्रपणे, ते ठरवायला हाती काही नाही, म्हणून टिपेत आम्ही त्यावर काही लिहीत नाही.

एक सापळा आणखी. दावीदाची बायको बथशेबा हिच्या बापाचं नाव 2 शमुवेल 11:3 मध्ये एलियाम आहे आणि 1 इतिहास 3:5 मध्ये अम्मीएल. दोन्हींत तेच दोन तुकडे उलटसुलट. त्यावरून काही जण माखीरला बथशेबाचा भाऊ ठरवून मोकळे होतात. नावं सारखी असणं म्हणजे माणूस एकच असणं नव्हे. याच लो-दबारच्या माखीरचं नाव मनश्शेच्या मुलाशी जुळतं, म्हणून आपण त्यांना एक करत नाही ना?

राहिला नकाशा. जागा ठरवताना तीन गोष्टी जुळाव्या लागतात: मजकुरात दिलेली दिशा, जुन्या नावाचा आजच्या स्थानिक नावात टिकलेला ध्वनी, आणि टेकाडावर त्या काळातली खापरं. दिशा ठीक आहे: गिलाद, महनाइमच्या संपर्कात, गादच्या सीमेवर. यहोशवा 13:27 प्रमाणे गादची यार्देनेकाठची पट्टी थेट गालील समुद्राच्या टोकापर्यंत जाते, त्यामुळे गाव बरंच उत्तरेलाही असू शकतं, आणि आमोसाने त्याला हौरानमधल्या कर्नाईमच्या जोडीला बसवलंय, तेही त्याला धरूनच आहे. ध्वनीसाठी नेहमी पुढे येणारी नावं म्हणजे यार्देनेच्या पूर्वेचं उम्म अद-दबर, इर्बिद परिसरातलं इब्दर आणि यार्मुकच्या खोऱ्यातलं टेल डोवर. तिन्हींवर सगळ्यांचं एकमत झालेलं नाही. नुसत्या ध्वनीवर भुलू नये, कारण वस्ती हलते तसं नावही हलतं. धोबी तलावावर आज तलाव कुठे आहे? खापरं लोहयुगाची हवीत, त्यातही दावीदाच्या आणि आमोसाच्या अशा दोन्ही काळांतली, म्हणजे इसवी सनापूर्वी 1000 च्या आसपासची आणि आठव्या शतकाचीही. एकाच काळाची मिळाली तर उमेदवार अर्धाच.

मराठीत टीप लिहिताना शेवटी प्रश्न लेखनाचा येतो. बेत हे अक्षर शब्दाच्या मध्ये मऊ होऊन ‘व’सारखं ऐकू येतं, त्यामुळे आजचा हिब्रू बोलणारा हे नाव ‘लो-द्वार’च्या जवळपास उच्चारेल. पण मराठी वाचकाच्या सवयीचं रूप लो-दबार आहे, ते मोडण्यात काही हशील नाही. केडगावला पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सबंध बायबल मराठीत आणलं, तेव्हापासून मूळ पाहून मराठी लिहिण्याचा रस्ता मोकळाच आहे. नाव न बदलता मूळ सांगता येतं.

आमची टीप शेवटी अशी उतरते. शमुवेलाच्या तिन्ही ओव्यांखाली: गिलादमधलं गाव, महनाइमच्या संपर्कातलं, मूळ लेखन दोन प्रकारचं, अर्थ अनिश्चित, माखीरसाठी 17:27–29 पाहा. यहोशवा 13:26 खाली: लिदबिर, बहुधा लो-दबारच. आमोस 6:13 खाली: दोन जिंकलेल्या गावांच्या नावांवर कोटी, पहिल्याचा ध्वनी ‘काहीच नाही’सारखा, दुसऱ्याचा अर्थ ‘शिंगं’. ‘कुरण नाही’ हा अर्थ आम्ही कुठेच देत नाही. वाचकांकडून त्याची विचारणा नेहमी येते, आणि तेव्हा 2 शमुवेल 17 मधली ती सामानाची यादी वाचायला सांगतो.